उलटं मोजणारा

विमानात सगळ्यात कमी बोलणारा कोण, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक याचं नाव घेईन. मुंबई ते लंडन म्हणजे नऊ-दहा तासांचा प्रवास. त्यात हा सगळा मिळून मिनिटभरसुद्धा बोलत नाही. मुंबईहून चढताना चूप, वाळवंटावरून चूप, समुद्रावरून चूप. पडद्यावर त्याच्या वाट्याला जी जागा आहे तिथे आकडाही नसतो. मग विमान हिथ्रोकडे उतरायला लागतं, पोटाखालची जमीन अडीच हजार फुटांवर येते आणि कॉकपिटच्या स्पीकरमधून हा एकदम बोलतो, "ट्वेंटी-फाइव्ह हंड्रेड." पुन्हा गप्प. दोनेक मिनिटांनी, "वन थाउजंड." पुन्हा गप्प. आवाज कोरडा, पुरुषी, कुठल्याच बातमीने न हलणारा. बाहेर लख्ख ऊन असो की वादळ, विमानात मंत्री असो की रिकाम्या खुर्च्या, याच्या सुरात तिळमात्र फरक नाही.

याचं कागदोपत्री नाव रेडिओ अल्टिमीटर. वैमानिक "रॅड-ऑल्ट" म्हणून मोकळे होतात. राहायला विमानाच्या पोटात. बाहेरून दिसतात त्या फक्त पोटाला चिकटवलेल्या वितीपेक्षा लहान, चपट्या अँटेना: एक बोलायला, एक ऐकायला. बोइंग 737 किंवा एअरबस ए-320 मध्ये असे दोन रॅड-ऑल्ट असतात, 777 सारख्या मोठ्या विमानात तीन. विमानतळावर शिडीने चढताना आपण खिडक्यांकडे बघतो, पंखांकडे बघतो, दारात उभ्या असलेल्या हवाईसुंदरीकडे बघतो. पोटाखाली वाकून या अँटेनांकडे बघणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही.

याचं काम एकच: या क्षणी पोटाखाली जे काही आहे ते किती फुटांवर आहे, ते सांगणं. समुद्रसपाटी, नकाशा, हवामान, कशाशी देणंघेणं नाही. हा 4,200 ते 4,400 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रेडिओलहरी खाली सोडतो आणि परतून आलेल्या लहरी ऐकतो. पन्नास फुटांवरून निघालेली लहर जमिनीला लागून परत यायला सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. इतका बारीक वेळ मोजत बसण्यापेक्षा याने वेगळी युक्ती धरली आहे. लहरीचा सूर तो सतत चढवत-उतरवत ठेवतो. खालून परत आलेला सूर मघाचा असतो आणि तोंडातला आत्ताचा. दोन्हींत जेवढा फरक, तेवढी उंची. फरक मोठा तर जमीन लांब, फरक मिटत आला तर जमीन आलीच. ही कल्पना लॉइड एस्पेनशीड या अमेरिकन अभियंत्याची, 1924 ची. बेल प्रयोगशाळेने ती विमानात बसण्याजोगी करून न्यूयॉर्कमध्ये दाखवली 1938 मध्ये. म्हणजे माणूस तसा जुन्या वळणाचाच.

घरात याचा एक थोरला भाऊ आहे. त्याला सगळे फक्त अल्टिमीटर म्हणतात आणि प्रवासभर मान त्याचा असतो. तो हवेच्या दाबावरून उंची सांगतो, आणि ती समुद्रसपाटीपासून. त्यामुळे पुण्याला, लोहगावच्या धावपट्टीवर चाकं टेकलेली असतानाही थोरला सांगतो, आपण साधारण 1,940 फुटांवर आहोत. लेहला टेकल्यावर सांगतो, साडेदहा हजारांच्या वर. खोटं काहीच नाही, पण चाकांना त्याचा उपयोग काय? शिवाय त्या त्या विमानतळावरचा दाब कंट्रोल टॉवरने कळवावा लागतो आणि वैमानिकाने तो थोरल्याच्या कानात घालावा लागतो. तो चुकला की थोरलाही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो. 23 मे 2022 रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर एक ए-320 उतरत होतं. दाब 1001 होता, कळवला गेला 1011. दहाचा फरक, म्हणजे उंचीत पावणेतीनशे फुटांच्या आसपासची चूक. बाहेर पाऊस, धावपट्टी दिसत नाही, थोरला सांगतोय की अजून भरपूर उंची आहे. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं. नंतर नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे, मोकळ्या जमिनीवर, धाकट्याने नोंदवलेली सगळ्यात कमी उंची होती सहा फूट.

थोरल्याचं ऐकून जग फिरावं, पण जमिनीशी गाठ पडते तेव्हा धाकटाच लागतो.

आता मोठं विमान उतरवणाऱ्याची खरी अडचण काय असते ते सांगतो. बोइंग 777 चा लांब प्रकार घ्या, मुंबई-दिल्लीहून अमेरिकेला जाणारा. त्याच्या पुढच्या चाकापासून मागच्या मुख्य चाकांपर्यंतचं अंतर 31 मीटर, आणि वैमानिक बसतो पुढच्या चाकाच्याही पुढे. म्हणजे जी चाकं आधी टेकायची ती त्याच्या पाठीमागे शंभर फुटांहून लांब. जंबो 747 मध्ये तर जमिनीवर उभ्या विमानातसुद्धा वैमानिकाचे डोळे अठ्ठावीसेक फुटांवर असतात. उतरताना विमानाचं नाक किंचित वर असतं, त्यामुळे डोळे आणखी वर आणि चाकं आणखी खाली. ज्याला टेकवायचं आहे त्याला टेकणारी वस्तू दिसत नाही, हा सगळा प्रकार. एसटी स्टँडवर ड्रायव्हर गाडी मागे घेत असतो, त्याला मागची चाकं दिसत नाहीत, आणि कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" करत असतो. थापा सावकाश पडतायत तोवर ड्रायव्हर बिनधास्त, घाईने पडायला लागल्या की पाय ब्रेकवर. रॅड-ऑल्टची नोकरी नेमकी ही आहे. फरक इतकाच की इथे गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असते आणि "बस्स!" म्हणायची सोय नाही.

अर्थात वैमानिक नुसता याच्या भरवशावर नसतो. लांबून त्याला डोळ्यांचीच साथ. धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात, पॅपी म्हणतात त्यांना. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे धोक्याइतकं खाली. उतार असतो तीन अंशांचा: सागरी मैलामागे तीनशे फूट, किंवा 140 नॉट वेगाने जाणाऱ्या विमानाला मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट. लांब धावपट्टीवर आत चारशे मीटरवर दोन रुंद पांढरे पट्टे रंगवलेले असतात. नेम त्यांच्यावर धरायचा. पुढच्या काचेत जी जागा हलत नाही तिकडेच विमान चाललेलं असतं. पट्टे काचेत वर सरकायला लागले तर आपण अलीकडेच पडणार, खाली सरकायला लागले तर पलीकडे जाणार. हे गणित मोठ्या विमानालाही तेच आणि फ्लाइंग क्लबच्या दोन माणसांच्या विमानालाही तेच.

हजार फुटांवर आपला नायक "वन थाउजंड" म्हणतो तेव्हा ती सूचना नसते, तपासणी असते. वेग हवा तेवढा आहे? चाकं बाहेर आहेत? फ्लॅप लागलेत? उतार धरलाय? इंजिनांची ताकद जिथे हवी तिथे आहे? ढग असतील तर हे सगळं इथेच जमलेलं असावं लागतं, स्वच्छ हवा असेल तर फार तर पाचशेपर्यंत. जमलेलं नसेल तर नाद सोडायचा, विमान वर घ्यायचं, पुन्हा यायचं. प्रवाशांना तो अपमान वाटतो, कुणी घड्याळ बघतो, कुणी आयाबायांना धीर देतो. मला विचाराल तर विमान परत वर घेणारा वैमानिक हा त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा माणूस असतो.

मुंबईत पूर्वेकडून येताना याची गंमत बघावी. हा जे दिसेल ते मोजतो, त्यामुळे खाडीवरून येताना एक आकडा असतो, घाटकोपरच्या टेकडीवर आला की आकडा पटकन खाली येतो, टेकडी मागे पडली की पुन्हा सैल. पत्र्याची छपरं, त्यावरच्या पाण्याच्या टाक्या, सगळं याच्या हिशेबात जमीनच. धुक्यात आपोआप उतरायचं असेल तर म्हणूनच धावपट्टीच्या अलीकडची साधारण तीनशे मीटर जागा सपाट राखावी लागते. खड्डा असो की उंचवटा, हा भोळेपणाने मोजणार आणि विमान ते खरं मानणार.

आणि मग येतात ते शेवटचे पन्नास फूट. हा ज्यासाठी जन्माला आला तो काळ. धावपट्टीचा अलीकडचा काठ पायाखालून जाताना साधारण इतकीच उंची हवी. पॅपी दिवे आता कामाचे नाहीत. पांढरे पट्टे नाकाखाली गेले. वैमानिकाने नजर उचलून धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला लावलेली असते, कारण जवळ बघितलं तर जमीन इतक्या वेगाने धावते की उंचीचा अंदाजच येत नाही. डोळे फसवतातही. 45 मीटर रुंद धावपट्टीची सवय असलेला माणूस 60 मीटर रुंद धावपट्टीवर आला की त्याला वाटतं आपण फार खाली आलो, आणि तो नाक वेळेआधी उचलतो. अरुंद धावपट्टीवर याच्या उलट. रात्र असेल, काचेवर पाऊस असेल तर विचारूच नका. या सगळ्यात एकटा हा शांतपणे सुरू करतो:

"फिफ्टी."

"फोर्टी."

"थर्टी."

दर दहा फुटांना एक शब्द. मिनिटाला साडेसातशे फुटांनी उतरणारं विमान दहा फूट उतरायला सेकंदाहूनही कमी वेळ घेतं, म्हणून हे पहिले तीन शब्द झरझर येतात. तीसच्या आसपास वैमानिक नाक दोन-तीन अंशांनी वर उचलतो. याला फ्लेअर म्हणतात. आता उतरण्याचा वेग कमी व्हायला हवा, आणि तो झाला की नाही ते आकड्यातून कळत नाही, दोन आकड्यांमधल्या अंतरातून कळतं. "थर्टी"नंतर "ट्वेंटी" यायला किंचित जास्त वेळ लागला, "ट्वेंटी"नंतर "टेन" यायला आणखी थोडा, तर हात बरोबर पडला. "थर्टीट्वेंटीटेन" असं एका दमात आलं तर जमीन अंगावर येतेय, आणखी ओढा. आणि "ट्वेंटी" म्हणून हा गप्पच बसला, "टेन" येईचना, तर विमान तरंगतंय. अनुभवी वैमानिक हे शब्द ऐकतात ते तबल्याचा ठेका ऐकावा तसे, प्रत्येक बोल वेगळा न ऐकता. पन्नासपासून टेकेपर्यंतचा सगळा खेळ सहा-सात सेकंदांचा.

एअरबसमध्ये याची जीभ आणखी एक पायरी पुढे जाते. वीस फुटांवर तो "रिटार्ड" म्हणतो: इंजिनांचे दांडे मागे घ्या. घेतले नाहीत तर पुन्हा "रिटार्ड". पुन्हा "रिटार्ड". घेईपर्यंत सोडत नाही. एरवी इतका अबोल माणूस या एका बाबतीत इतका चिवट कसा, याचं मला नेहमी हसू येतं. त्याच्याही पुढची गोष्ट प्रवाशांना ठाऊक नसते. ए-320 मध्ये वैमानिकाची कांडी थेट पंखांना जोडलेली नाही, मध्ये संगणक आहे, आणि कांडी सोडली तरी विमान आहे त्या ढबीत राहतं. मग उतरताना हाताला जी ओढ लागायला हवी ती कुठून येणार? म्हणून पन्नास फुटांवर संगणक नाकाची ढब लक्षात ठेवतो आणि तीस फुटांपासून नाक हळूच खाली सोडायला लागतो, म्हणजे वैमानिकाला नाइलाजाने कांडी मागे ओढावीच लागते, जुन्या विमानात ओढायचा तशी. हे पन्नास आणि तीस संगणकाला कोण सांगतं? हाच. वैमानिकाच्या कानात एक आणि यंत्राच्या कानात एक, असं दोन्हीकडे बोलतो.

यंत्राच्या कानात तर तो फार पूर्वीपासून बोलतो. 10 जून 1965 रोजी पॅरिसहून आलेलं ट्रायडंट विमान प्रवाशांसकट हिथ्रोला आपोआप टेकलं. प्रवासी घेऊन असं पहिल्यांदाच घडलं. त्यामागे इंग्लंडच्या धुक्याशी झगडणाऱ्या अभियंत्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती, आणि नाक कधी उचलायचं हे ठरवायला रेडिओ अल्टिमीटर. आज डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पन्नास मीटरच्या पुढचं दिसत नसतानाही विमानं उतरतात ती याच घराण्याच्या पुण्याईवर. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने तर याच्या आकड्यावर एक पहारेकरीच बसवला. विमान अनवधानाने डोंगराकडे, जमिनीकडे चाललं तर ओरडून सांगणारा. डिसेंबर 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं विमान ढगांमध्ये डोंगरावर आदळून 92 माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेने हा पहारेकरी मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचा केला. बेटमन 2023 मध्ये वारले. त्यांच्यामुळे किती माणसं घरी पोचली याची मोजदाद कुणाकडे असणार?

एवढं कौतुक झालं, आता अवगुण.

पहिला अवगुण जन्मजात आहे. हा खाली किती ते सांगतो, पुढे किती ते याला माहीतच नसतं. दहा फुटांवर विमान तरंगत राहिलं तर दर सेकंदाला सव्वादोनशे फुटांहून जास्त धावपट्टी मागे जाते, आणि बोइंगच्या विमानात "टेन"नंतर याच्याकडे बोलायला काही उरलेलं नसतं. ती शांतता फार महाग पडते. कोळिकोडजवळचं करिपूर आणि मंगळूरजवळचं बजपे, दोन्ही धावपट्ट्या डोंगर कापून, वर टेबलासारख्या केलेल्या. टोक संपलं की दरी. 22 मे 2010 रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सुमारे 8,000 फुटांच्या धावपट्टीवर 5,200 फूट पुढे जाऊन टेकलं. दरीत गेलं, 158 माणसं गेली. 7 ऑगस्ट 2020 रोजी भर पावसात करिपूरला, त्याच कंपनीचं विमान, 8,858 फुटांच्या धावपट्टीवर 4,438 फुटांवर टेकलं आणि टोकाच्या पलीकडे खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. मुख्य वैमानिक नागपूरचे, हवाई दलात कामगिरी गाजवून आलेले, त्यामुळे ती बातमी आपल्याकडच्या घरांना जरा जास्तच लागली. तपास अहवालात वाऱ्यापासून वायपरपर्यंत आणि नियमांपासून निर्णयापर्यंत पुष्कळ काही आहे. त्यात रेडिओ अल्टिमीटरचा दोष कुठे नाही. त्याला विचारलेलंच नव्हतं ते सांगण्याची त्याला अक्कल नाही, एवढंच.

दुसरा अवगुण मात्र गुन्ह्यात जमा होतो. 25 फेब्रुवारी 2009. इस्तंबूलहून ॲम्स्टरडॅमला आलेलं टर्किश एअरलाइन्सचं 737, आत 135 माणसं. विमान जवळपास 1,950 फुटांवर असताना डावीकडचा रेडिओ अल्टिमीटर म्हणाला: उणे आठ फूट. उणे आकडा एरवी चुकीचा नसतो. शून्य म्हणजे उतरत्या ढबीत मुख्य चाकं टेकली तो क्षण, असं याचं माप लावलेलं असतं. नंतर नाक खाली येऊन विमान सपाट उभं राहिलं की मोठ्या विमानात आकडा शून्याच्या थोडा खालीच जातो. म्हणजे दोन हजार फुटांवर असताना याने शपथेवर सांगितलं की आपण जमिनीवर उभे आहोत. उजवीकडचा भाऊ खरं बोलत होता. पण इंजिनांची ताकद सांभाळणारी यंत्रणा डावीकडच्याचं ऐकायची. तिने उतरलो असं समजून इंजिनं अगदी मंद केली. ऑटोपायलट उजवीकडच्याचं ऐकत होता, त्याने उतार सोडायचा नाही म्हणून नाक वर वर उचललं. वेग घसरत गेला. साडेचारशे फुटांच्या आसपास वैमानिकाच्या हातातली कांडी थरथरून इशारा देऊ लागली तेव्हा उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडलं. नऊ जण गेले, त्यात कॉकपिटमधले तिघेही. याच यंत्राने त्याच विमानात आधीच्या उड्डाणांतही असंच सांगितलं होतं, असं तपासात निघालं. त्या वेळी ते निभावून गेलं होतं. म्हणूनच तर पुढे बोलणं झालं नाही.

अबोल माणसाचा हाच धोका. तो क्वचित बोलतो, म्हणून बोलला की सगळे विश्वास ठेवतात.

तिसरी गोष्ट याची नाही, शेजाऱ्यांची. याचा रेडिओपट्टा 4,200 पासून सुरू होतो. अमेरिकेत नव्या 5जी सेवेला त्याच्या अगदी खालचा, 3,700 ते 3,980 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. शेजारच्या घरात मोठ्याने गाणं लागलं तर इकडे कान लावून बसलेल्याला त्रास होईल का, या प्रश्नावर 2022 च्या जानेवारीत जगभर गोंधळ उडाला. 19 जानेवारीला एअर इंडियाने दिल्लीहून न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोला आणि मुंबईहून न्यूअर्कला जाणारी आपली 777 ची उड्डाणं रद्द केली. सहारच्या विमानतळावरून परत फिरलेल्या प्रवाशांना, न्यू जर्सीत नातवंडांकडे निघालेल्या आजीआजोबांना, मोबाइलच्या टॉवरमुळे विमान कसं रद्द होतं हे कुणी समजावून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं की विमानतळांवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटर अंतरात 3,300 ते 3,670 मेगाहर्ट्झवर चालणारे 5जी टॉवर लावू नका. विमानतळाशेजारच्या सोसायटीत तेव्हा 5जीची रेंज का आली नाही म्हणून मोबाइल कंपनीवर चिडलेल्यांपैकी काहींना त्याचं उत्तर इथे मिळेल.

आता एक विनंती. जुलै महिन्यात कधी मुंबईला उतरलात, बाहेर धो धो पाऊस, आणि विमान धप्पकन टेकलं, डोक्यावरच्या खणातल्या बॅगा खडखडल्या, तर वैमानिकाला शिव्या घालू नका. धावपट्टीवर पाणी असताना विमान अलगद टेकवणं हे कौशल्य नव्हे, कारण चाकं पाण्याच्या थरावरून घसरत जाऊ शकतात आणि ब्रेक धरायला जमीनच मिळत नाही. पाणी फोडून चाकं डांबराला भिडवायची असतात, आणि तीही ठरलेल्या जागी. अलगद टेकवायच्या मोहात तो आणखी दोन सेकंद तरंगला असता तर पाचेकशे फूट धावपट्टी मागे गेली असती. त्या धप्पच्या आधी कॉकपिटमध्ये "फिफ्टी"पासून "टेन"पर्यंतचे पाच शब्द वेळेवर आणि योग्य अंतराने आले होते, आणि वैमानिकाने ते नीट ऐकले होते. टाळ्या वाजवायच्याच असतील तर त्या अशा उतरण्याला वाजवा.